गूगल अ‍ॅड्स एपीआय: कोणता खाते नंबर कुठे लिहायचा?

गूगल अ‍ॅड्समध्ये लॉगिन केलं की वरच्या बाजूला १२३-४५६-७८९० अशा धाटणीचा दहा आकडी नंबर दिसतो. हाच कस्टमर आयडी. एपीआयला, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधून गूगल अ‍ॅड्सचं काम करून घेण्याच्या सोयीला, तो मधल्या रेघा काढून, सलग लिहून द्यायचा. नंबर एक्सेलमधून उचलत असाल, तर रेघा गाळणारी एक ओळ कोडमध्येच टाकून ठेवा.

खरा घोळ होतो तो दोन नंबर लागतात तेव्हा. समजा, तुम्ही पाच दुकानदारांच्या जाहिराती सांभाळता. दुकानदाराचं खातं वेगळं, तुमचं मॅनेजर खातं वेगळं (जुनी मंडळी त्याला अजून एमसीसी, म्हणजे 'माय क्लायंट सेंटर' म्हणतात), आणि नंबर मात्र दिसायला अगदी सारखे. म्हणून आधी ठरवा: काम कोणाच्या खात्यात करायचंय आणि आत शिरायचंय कोणाच्या ओळखीवर? काम दुकानदाराच्या खात्यात, म्हणून कस्टमर आयडी त्याचा. ओळख मॅनेजरची, म्हणून हेडरमधल्या (विनंतीसोबत जाणाऱ्या जोडमाहितीतल्या) 'लॉगिन-कस्टमर-आयडी'मध्ये मॅनेजरचा नंबर. तुमच्या ईमेलला दुकानदाराच्या खात्यात थेट प्रवेश असेल तर या हेडरची गरज नाही.

हेडर राहिला की 'यूझर परमिशन डिनाइड' असा एरर येतो आणि आपण टोकन (प्रवेशाची डिजिटल किल्ली) तपासत बसतो. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली आहे. तेव्हा हा एरर दिसला की आधी हेडर बघा. उलट, कस्टमर आयडीच्या जागी मॅनेजरचा नंबर टाकून क्लिक किंवा खर्चाचे आकडे मागितले, तरी एररच येतो. ते आकडे एकेका ग्राहक खात्याकडेच मागावे लागतात.

नंबर माहीत नसतील तर 'लिस्ट अ‍ॅक्सेसिबल कस्टमर्स' ही विनंती पाठवा. त्यात फक्त थेट प्रवेश असलेली खाती येतात. मॅनेजरखालची सगळी खाती हवी असतील, तर मॅनेजरचा नंबर देऊन 'कस्टमर क्लायंट' या यादीवर क्वेरी चालवा, म्हणजे तिच्याकडे माहिती मागा. नाव, नंबर, पातळी आणि खातं मॅनेजरचं आहे की नाही, सगळं कळतं. शून्य पातळीवर मॅनेजर स्वतः असतो.

नंबर साठवताना डेटाबेसमधला रकाना ६४ बिटचा ठेवा. साध्या ३२ बिटच्या रकान्यात २१४७४८३६४७ पर्यंतच आकडा मावतो. १२३-४५६-७८९० बिनबोभाट बसतो, आणि ९ ने सुरू होणाऱ्या नंबरचा पहिला ग्राहक आला की प्रोग्रॅम अडतो.