खान्देशच्या उन्हात चिलखत घालायचंय? या चुका टाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन. भुसावळात एका शाळेच्या पटांगणाबाहेर गाडी लावली आणि कार्यक्रमाची जागा बघायला आत गेलो. जेमतेम अर्धा तास. सिनेमातल्या पात्रांसारखं चिलखत घरी करून घालायची आमची हौस, त्यातलंच एक हेल्मेट गाडीत होतं. परत आलो तर मागच्या काचेखाली ठेवलेलं ते हेल्मेट एका बाजूने बसलेलं. गाल आत गेलेला, कपाळाची कड लोंबलेली. चार महिन्यांचं काम होतं, त्यातले दोन महिने नुसते पॉलिश पेपर घासण्यात गेले होते. ते थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकचं छापलेलं होतं. पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्याकडे बंद गाडीत काचेखाली तेवढा ताव सहज लागतो.

त्या दिवसापासून मी चिलखताकडे वेगळ्या नजरेने बघतो. ही कला आपण शिकतो ती बहुतेक परदेशी हौशी लोकांकडून. १९७७ साली पहिला ‘स्टार वॉर्स’ आला आणि त्यातल्या पांढऱ्या चिलखतातल्या शिपायाने जगभरच्या पोरांना वेड लावलं. पुढे १९९७ साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी ‘५०१ लीजन’ ही अशा हौशी लोकांची संघटना सुरू केली. चिलखत पडद्यावरच्यासारखंच हवं याचे लेखी निकष, तपासणी झाल्याशिवाय सदस्यत्व नाही, आणि ते घालून आजारी मुलांना भेटायला, मदतनिधीच्या कार्यक्रमांना जायचं. ही शिस्त मला मनापासून आवडते. पण त्यांच्या कृतींमध्ये मे महिन्यातलं जळगाव धरलेलं नसतं. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. गोंद, प्लास्टिक, रंग आणि आतला माणूस या चौघांनाही हे ऊन सोसावं लागतं. गेल्या काही वर्षांत मी आणि माझ्या जोडीदारांनी केलेल्या, बघितलेल्या चुका त्याच अंगाने सांगतो.

माल निवडताना

थ्रीडी प्रिंट करायचं असेल तर बाहेर घालायच्या भागांसाठी पीएलए नको. पीईटीजी नावाचं प्लास्टिक ८० अंशांच्या आसपास तग धरतं, एबीएस हे दुसरं प्लास्टिक १०० च्या वर. एबीएसचं प्रिंट उघड्या मशीनवर कोपऱ्यातून उचकटतं, म्हणून मशीनभोवती बंद पेटी हवी. तेवढी सोय नसेल तर पीईटीजी घ्या आणि पुढे चला.

फोमचं चिलखत करणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत ‘मॅट’ या शब्दाने होते. जळगाव चटयांचं गाव. कुणीही सांगतं, प्लास्टिक चटईच घे की स्वस्तात. ती चटई पॉलिप्रॉपिलिनची असते, तिला कुठलाही साधा गोंद धरत नाही. योगा मॅटही बहुधा कामाची नसते. हवा तो ईव्हीए फोम, लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवायचे जाड तुकडे असतात तशातला. दुकानातून एक तुकडा आणा, हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने गरम करा, पाण्याच्या बाटलीवर वाकवून गार होऊ द्या. वरचा पापुद्रा किंचित चमकला आणि बाक तसाच राहिला तरच बाकीचा माल उचला.

पीव्हीसी पाइप हा आपल्याकडचा खरा खजिना. शेतातला जाड पाइप उभा चिरून गरम केला की त्याचा सपाट पत्रा होतो. छाती, पोटऱ्या, खांदे यांना उत्तम. पण इथे हात आखडता ठेवा. पीव्हीसी ८० अंशांच्या पुढे मऊ पडतं, तेवढंच पुरे. तपकिरी डाग दिसला, नाकाला झणका लागला, म्हणजे ते जळायला लागलं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतोय. घरातल्या गॅसवर पाइप भाजणारी पोरं मी बघितली आहेत. तसं करू नका. हे काम अंगणात, वारा पाठीवर घेऊन उभं राहून, हीट गन हलती ठेवूनच करा.

माप: इथेच निम्मी चिलखतं वाया जातात

कागदी साचा इंटरनेटवरून उतरवायचा, छापायचा आणि सरळ फोम कापायला घ्यायचा, ही सवय सगळ्यांची. साचा कागदाचा असतो, त्याला जाडी नसते. १० मिलिमीटर फोमची नळी केली की तिच्या बाहेरच्या आणि आतल्या घेरात सहा सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. मनगटाजवळ सहा सेंटिमीटर म्हणजे हात आत जाणारच नाही. आमच्यातल्या एकाच्या दंडावरचा तुकडा असाच अडकला आणि शेवटी तो कात्रीने कापून काढावा लागला.

म्हणून माप घेताना आतला अस्तराचा पोशाख अंगावर हवा, बूट पायात हवेत. घेरावर फोमच्या जाडीचा हिशोब वेगळा धरा. मग पहिलं चिलखत पुठ्ठ्याचं करा. फ्रिजचा खोका चालतो. ते घालून चाला, उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, जिन्याच्या चार पायऱ्या चढून बघा. जिथे पुठ्ठा मुडपतो, तिथे उद्या प्लास्टिक मांसात रुतणार आहे. काखेत, कोपराच्या आत, गुडघ्यामागे आणि जांघेत हे हमखास होतं. त्या जागा आधीच गोलाकार कापा आणि कडा गुळगुळीत करा.

तयार किट मागवणाऱ्यांनीही हेच करावं. किट बहुधा उंच माणसाच्या मापाने येतं. साडेपाच फुटांच्या माणसाने ते जसंच्या तसं जोडलं की पोटाची पाटी जांघेत येते आणि पोटऱ्या गुडघ्याला भिडतात. कापायला घाबरू नका, पण एका वेळी पाच मिलिमीटर. मांडीचा तुकडा अरुंद असेल तर मागच्या बाजूला त्याच प्लास्टिकची पट्टी आतून जोडून वाढवा. ती बाजू लोकांच्या नजरेत कमी येते.

सांधे का सुटतात

ग्लू गन हातात असली की जग सोपं वाटतं. डिसेंबरात चिकटवलेलं चिलखत एप्रिलमध्ये अंगावरच सुटतं, कारण त्या कांड्यांचा गोंद उन्हात परत मऊ होतो. फोमला कॉन्टॅक्ट गोंद, म्हणजे सुतार सनमायकासाठी वापरतात तो एसआर, हाच खरा. त्यातही चूक होते ती वेळेची. दोन्ही बाजूंना पातळ हात मारायचा, बोटाला न चिकटण्याइतका सुकू द्यायचा, मग दाबायचं. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. आपल्या दुपारी पाचेक मिनिटांत गोंद मरतो आणि मग कितीही दाबा, सांधा धरत नाही. म्हणून गोंदाचं काम पहाटे किंवा रात्री, आणि एका वेळी एकच सांधा.

एक इशारा: हा गोंद थर्माकोलला लावू नका, थर्माकोल तिथल्या तिथे खाऊन टाकतो. गणपतीच्या आरासातला उरलेला थर्माकोल बघून मोह होतो, म्हणून सांगितलं.

एबीएसला एबीएस जोडायचं तर त्याच प्लास्टिकचे कपचे अॅसिटोनमध्ये विरघळवून लापशीसारखं घट्ट मिश्रण करा. ते सांध्यात भरलं की प्लास्टिक एकजीव होतं. आतून पट्टी लावायला विसरू नका. फेवीक्विकने जोडलेला सांधा टेबलावर पक्का वाटतो आणि पहिल्या धक्क्याला काचेसारखा तडकतो.

फायबरग्लास करणाऱ्यांसाठी थोडं, पण अगदी गंभीरपणे. आपल्याकडे रेझिन या घट्ट होणाऱ्या द्रवाबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्या, नंतरच हार्डनर घाला. त्या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही ओतू नका. भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आणि थंडीत चालणारं हार्डनरचं प्रमाण उन्हाळ्यात कमी करा, नाहीतर डब्यातच रेझिन तापून, धुरकटून दगड होतं. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही. धुळीसाठी एन-९५, वासासाठी कार्बनच्या डब्या लावलेला मास्क.

रंग

भर उन्हात, गच्चीवर स्प्रे मारला तर रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतात आणि पांढरं चिलखत खरखरीत होतं. वर झळांबरोबर धूळ येते ती वेगळीच. पावसाळ्यात उलट: दमट हवेत लॅकर दुधाळ होतं, चमक जाते. आमचा सगळा रंग आता नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या आत होतो. फोमवर थेट रंग मारला तर तो शोषला जातो आणि वाकवलं की तडे जातात. आधी हीट गनने पापुद्रा बंद करा, मग लवचीक लेप, मग रंग. प्रिंटच्या रेघा घालवायला गाड्यांची डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या गॅरेजात जाऊन बसा. लांबी, म्हणजे पुट्टी कशी ओढायची, १२० पासून ८०० नंबरपर्यंत पेपर कसा चढत न्यायचा, पाणी लावून शेवटचा हात कसा फिरवायचा, हे त्या माणसांकडून शिकण्यासारखं आहे. मी दोन रविवार तसा बसलो होतो.

वजन कुठे टांगता

नवीन माणूस सगळं वजन खांद्यावर घेतो. तासाभरात मान आखडते, दुसऱ्या तासाला चिलखत खाली ओघळतं. नंदुरबार जिल्ह्यात काठीच्या राजवाडी होळीला नाचणारे बघा. कमरेला सुके भोपळे आणि घुंगरू बांधून ते रात्रभर नाचतात. भार कमरेवर, अंगाशी घट्ट, म्हणून पाय मोकळे राहतात. आपणही कमरेला रुंद पट्टा घ्यावा, मांड्यांचे तुकडे त्याला टांगावेत, खांद्यावर फक्त छाती-पाठ आणि दंड ठेवावेत. पट्ट्याला खाटेची नवार झकास, ती ताणत नाही. जिथे श्वास घ्यायला सैल हवं, म्हणजे बरगड्यांच्या बाजूला, तिथेच इलॅस्टिक. नुसत्या वेलक्रोवर विसंबू नका, घामाने त्याचा चिकटवलेला पाठभाग सुटतो. टिचबटणं लावून घ्या. बॅगा दुरुस्त करणारा पंधरा मिनिटांत ठोकून देतो.

हेल्मेटच्या आत

डोळ्यांच्या जागी वेल्डिंगची काच बसवणारे खूप. ती खरी काच असते आणि चेहऱ्यापासून दोन बोटांवर फुटली तर काय होईल, विचार करा. शिवाय आर्क वेल्डिंगची काच इतकी काळी असते की सभागृहात समोरचा माणूसही दिसत नाही. हिरवी छटा असलेलं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक घ्या आणि कापा. वाफ धरत असेल तर आतून भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या कापडाने पुसा. पॉवर बँकेवर चालणारे दोन छोटे पंखे बसवा, एक हवा आत ओढणारा, एक बाहेर टाकणारा. दोन्ही आतच फुंकत असतील तर तुमचाच उच्छ्वास फिरत राहतो.

खाली बघता येत नाही, हे लक्षात असू द्या. लहान मुलं गुडघ्याला येऊन मिठी मारतात आणि तुम्हाला दिसतही नाहीत. म्हणून बरोबर एक साधा कपड्यातला माणूस हवाच.

आणि आतला माणूस

हा भाग कुणी वगळू नये. मागे एका शाळेच्या कार्यक्रमात आमचा एक मित्र पाऊण तास चिलखतात उभा होता. फोटो काढून घेणाऱ्यांची रांग संपत नव्हती आणि पोरांना नाही म्हणवत नव्हतं. मग तो आमच्या प्रश्नांना भलतीच उत्तरं द्यायला लागला. आम्हाला आधी वाटलं, तो पात्राच्या भूमिकेतच बोलतोय. त्याच्या मोठ्या भावाच्या लक्षात आलं: “अरे, हा असा काय करून राह्यला? काढा ते आधी!” काढायला सहा मिनिटं लागली, कारण पाठीवरची बटणं कुठे आहेत हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ती सहा मिनिटं मी विसरणार नाही. सावलीत नेलं, पाणी ओतलं, पंखा लावला आणि तो सावरला.

उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि माणूस गोंधळतो, बरळतो. असं दिसलं की १०८ ला फोन करा, चिलखत कापून काढावं लागलं तरी काढा, अंगावर पाणी मारून वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

तिथवर येऊच नये म्हणून आमचे नियम असे आहेत. मार्च ते जूनमध्ये बाहेरचा कार्यक्रम संध्याकाळी सहानंतरच. वीस मिनिटं घालायचं, मग हेल्मेट आणि छाती उतरवून तेवढीच विश्रांती. घालण्याच्या आधीच दोन पेले पाणी, मधल्या सुट्टीत ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी. आणि सोबतच्या माणसाने घरी एकदा डोळे मिटून तुमचं चिलखत उतरवून दाखवायचं. आम्ही घड्याळ लावतो. दोन मिनिटांच्या वर गेलं तर बटणांच्या जागा बदलतो.

पुष्कळ जण ओला बनियन आत घालतात. तो थोडा वेळ बरा वाटतो, पण काम करत नाही. कुलर गार का करतो? ओल्या वाळ्यातून वारा वाहतो म्हणून. चिलखतात वारा नाही, त्यामुळे पाणी उडत नाही आणि नुसती वाफ कोंडते. त्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेले बर्फाचे जेल पॅक छाती-पाठीच्या खिशांत ठेवा आणि दर विश्रांतीला बदला.

नेताना आणि ठेवताना

मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, आम्ही रात्रीच्या गाडीने जातो. खोका बर्थखाली जाईल एवढाच करायचा, हे आधी मोजून ठेवा. खेळण्यातली बंदूक सुटी करून, गुंडाळून खोक्यात. स्टेशनात ती हातात किंवा हेल्मेट डोक्यावर अजिबात नको. लोक घाबरतात आणि पोलिसांनी हटकलं तर चूक त्यांची नसते.

घरी आल्यावर घामाचं अस्तर त्याच रात्री काढून धुवा, तुकडे आतून पुसून पंख्याखाली उलटे ठेवा. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. वर्षभर अडगळ म्हणून ते तिथेच जातं आणि मे महिन्यात तिथला ताव गाडीतल्यापेक्षा कमी नसतो. पांढरं एबीएस उन्हाने पिवळंही पडतं. माझं नवं हेल्मेट, पीईटीजीचं, खालच्या खोलीत आईच्या पलंगाखाली सुती गोधडीत गुंडाळलेलं असतं. तिने तिथली तांदळाची कोठी त्यासाठी सरकवून दिली आहे.