मटार, मेथी आणि चिंचेचा कोळ: मुलांना रमवणारी घरकामं

दोन-तीन वर्षांचं मूल आपणहून झाडू ओढतं, कणकेत हात घालतं. तेच मूल आठव्या वर्षी हाक मारली की 'थांब ना' म्हणतं. मधली पाच वर्षं त्याने बहुतेक वेळा 'तू नको, सांडशील' एवढंच ऐकलेलं असतं. म्हणजे गोडी असतेच, ती टिकवायची असते. त्यासाठी काम खरं हवं, त्याच्या हाताच्या मापाचं हवं आणि ते कुठे संपतं हे त्याला दिसायला हवं. 'जरा मदत कर' याला शेवट नसतो. 'या परडीतल्या शेंगा तुझ्या' याला असतो.

सुरुवात मटारापासून करा. थंडीत मटार स्वस्त असतो आणि या कामाला सुरी लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाला पाव किलो, म्हणजे साधारण चाळीस शेंगा पुरतात. देठाकडचं टोक मोडून शीर खाली ओढायची, मग शिवणीवर अंगठा दाबायचा की शेंग उकलते. दाण्यांसाठी स्टीलचं पातेलंच द्या. दाणे टणटण पडतात त्या आवाजावर मुलं खूश असतात. टरफलांसाठी वेगळी परडी ठेवा. शेंग उघडण्याआधी आत किती दाणे असतील याचा अंदाज करायला सांगा आणि पाटीवर मांडत जा. मोजणीही होते आणि हातही थांबत नाही. काही दाणे पोटात जाणारच, ते धरूनच मटार आणा. शेंगेत अळी निघू शकते हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या अळीला काम बंद पडतं. एक काळजी मात्र घ्यायलाच हवी: चार वर्षांखालचं मूल मटार किंवा शेंगदाण्यांजवळ एकटं सोडू नका. दाणा नाकात जातो, घशात अडकतो.

मेथी याच्या पुढची पायरी. पूर्ण जुडी समोर टाकली की मूल हिरमुसतं. दहा-बारा काड्या द्या. नखाने सहज खुडता येईल तेवढा देठ कोवळा, तो भाजीत घ्यायचा. नखाला दाद देत नाही तो जून, तो टाकायचा. ही परीक्षा एकदा कळली की मुलं फार कडक परीक्षक होतात. धुण्याचं कामही त्यांनाच द्या: खोल पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला बुडवायचा, हलवायचा, मिनिटभर थांबायचं आणि पाला हातांनी वर उचलून घ्यायचा. पाणी पाल्यावरून ओतून टाकलं तर तळाची माती परत पाल्यात बसते, ही इथली नेहमीची चूक. तळ स्वच्छ दिसेपर्यंत, बहुधा तीन वेळा, हेच करायचं. पहिल्या पाण्यातली माती मुलाला जरूर दाखवा.

मिरच्या मात्र द्यायच्या नाहीत. तिखटपणा नुसत्या पाण्याने हातावरून जात नाही आणि तोच हात डोळ्याला लागतो. लागलंच हाताला, तर आधी तेल चोळून मग साबण लावा.

लाटायला पोळीआधी पुरी द्या. एक वाटी कणीक, एक चमचा रवा, एक चमचा तेल, चिमूट मीठ आणि अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पाणी. कणीक घट्ट राहिली तर पिठी न लावताही पोळपाटाला चिकटत नाही. गोळा सुपारीएवढा घ्या. लहान मुलं मधोमध जोर देतात, म्हणून मध्ये भोक आणि कडा जाड राहतात. लाटणं कडेवरून फिरवायचं आणि प्रत्येक फेरीनंतर पुरी पाव वळण फिरवायची, एवढं दाखवा. आकार नकाशासारखा आला तरी तीच पुरी तळा आणि त्याच्याच ताटात वाढा. मोडून पुन्हा गोळा करू नका. पोळीच्या बाबतीत तर दर वेळी पिठी मिसळत गेल्याने कणीक कोरडी आणि पोळी चिवट होते. तळण मोठ्यांनीच करायचं आणि तेवढा वेळ मुलाने शेगडीपासून लांब बसायचं.

दिवाळीच्या साफसफाईत सगळ्यांत रंगणारं काम म्हणजे तांब्याची भांडी. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोळ काढा आणि त्यात चमचाभर मीठ घाला. तांब्यावरचा काळपटपणा हवेमुळे धरलेल्या थराचा असतो आणि आंबट पदार्थात तो विरघळतो, म्हणून बोट फिरवताच खाली गुलाबी तांबं दिसतं. आधी अर्धाच तांब्या घासून दोन्ही बाजू शेजारी दाखवा. उरलेला घासायला सांगावं लागत नाही. कोळ तसाच वाळू दिला किंवा भांडं ओलं ठेवलं तर डाग पडतात, म्हणून लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसायचं. हाताला जखम असेल तर झोंबतं. संडास-बाथरूमसाठीची ॲसिडं आणि ब्लीच यांना मुलांचा हात लागता कामा नये. ही दोन एकत्र आली तर विषारी वायू होतो.

केर काढताना जमिनीवर खडूने वीतभर चौकोन आखा आणि सगळा केर त्यात आणायला सांगा. झाडू मुलाच्या खांद्यापेक्षा उंच नको. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात, म्हणजे लहानग्यांच्या शाळेत, झाडू, पाण्याच्या सुरया, टेबलं सगळं मुलांच्या मापाचं, पण खरं होतं. खेळण्यातल्या झाडूने केर निघत नाही, आणि हे मुलाला आपल्याआधी कळतं. घड्यांसाठी रुमाल आणि पंचे आधी, शर्ट बऱ्याच उशिरा.

बक्षिसांबद्दल. १९७३ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी एका बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. ही मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. दर कामाला दहा रुपये ठरवले की 'आज पैसे नकोत, काम पण नको' हे उत्तर मिळणारच. त्यापेक्षा जेवताना 'आजची मेथी हिने निवडली' एवढं सगळ्यांसमोर म्हणा. मुलाने केलेली घडी त्याच्यादेखत उलगडून पुन्हा घालू नका. आणि भांडी मुलीला, दुकानातून दही आणणं मुलाला, अशी वाटणी मुळीच नको. कामं आठवड्याने फिरवा. ज्याला फक्त बाहेरची कामं मिळतात त्याला घरातलं काम कधीच आपलं वाटत नाही.

मध्येच कंटाळा आला तर रागावू नका, पण काम तिथेच सोडूही नका. 'शेवटच्या पाच शेंगा दोघं मिळून' म्हणून शेजारी बसा आणि संपवा. पुढच्या वेळी पाव किलोऐवजी निम्म्याच शेंगा द्या.