उसगाळीमळची चित्रं बघायची तर रात्र काढा

दक्षिण गोव्यात रिवणजवळ उसगाळीमळ आहे, तिथं नदीकाठच्या कातळात फार जुनी चित्रं कोरलेली आहेत. पहिल्यांदा गेलो ते भर दुपारी बाराला. फोंड्याहून स्कूटर, मागे भाचा. कुशावती नदीच्या काठावर नुसता जांभ्याचा सपाट कातळ, तापलेला, खड्डेखड्डे पडलेला. भाचा म्हणाला, "मामा, असलं तर आमच्या घरामागच्या चिरेखाणीतसुद्धा आहे." मी शाळेत चित्रकला शिकवतो. तरी पंधरा मिनिटं फिरून मला एक रेघ दिसली नाही. तिथं एक म्हातारे गुरं घेऊन आले होते, ते आमची फजिती बघून हसले. "बाब, सांजचे येयात."

साडेचारला परत आलो. ऊन कलतं झालं होतं, प्रत्येक खाचेच्या एका कडेला सावली धरली होती. खाली बघतो तर मी एका बैलाच्या पाठीवर उभा!

म्हणून माझं सांगणं एवढंच, की ही चित्रं दिवसातून दोनदाच नीट दिसतात. डिसेंबरात संध्याकाळी साडेचार ते सहा आणि सकाळी सात ते साडेआठ. मधल्या वेळात ऊन डोक्यावर असतं, खाचा सपाट दिसतात. दोन्ही वेळा गाठायच्या तर एक रात्र जवळपास काढायला हवी.

तंबू कातळावर लावायचा नाही. ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित जागा आहे. आम्ही रिवणच्या बाजूला ओळखीतल्या एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राहिलो. कोणाच्याही कुळागरात आधी विचारून जा आणि शेकोटीचा हट्ट धरू नका, सुपारीच्या वाळलेल्या झावळ्यांना ठिणगी पुरते. जमिनीवर ताडपत्री, वर मच्छरदाणी, एवढ्यावर भागतं. थंडीत पहाटे दव चांगलंच पडतं, एक जाड चादर जास्तीची ठेवा.

वाट मडगाव, केपे, तिळामळ, रिवण अशी. पोटाचं तिळामळलाच बघून घ्या, भाजीपाव आणि बन्स खाऊन पुढे निघा. कातळाजवळ दुकान नाही, माणशी दोन लिटर पाणी न्याच. पावसाळ्यात जाऊच नका. नदी चढते, कातळ पाण्याखाली जातो, आणि पाणी ओसरल्यावरही शेवाळावरून पाय सटकतो. नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठीक, मात्र एप्रिल-मेत दगड असा तापतो की बसवत नाही.

पोचल्यावर लगेच फोटो काढत सुटू नका. आधी सूर्य समोर येईल असे उकिडवे बसा. उलट्या बाजूला बसलात तर सावली दिसणार नाही. शंभराहून जास्त आकृत्या आहेत: बैल, गवे, हरणं, नाचणारी बाई, बाळंत होणारी आई. मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते चक्रव्यूहानं. गोल गोल आत जाणारी वाट. भाच्यानं ती वहीत काढायला घेतली, तीनदा चुकला, चौथ्यांदा जमली. माझ्या वर्गात वर्षभर जे झालं नाही ते तिथं अर्ध्या तासात झालं. वही-पेन्सिल न्याच. रेघा मात्र लांबूनच उतरवा. काही लोक फोटोसाठी खाचांत खडू भरतात, त्यांना हात जोडून थांबवा. अंधार पडू लागला की टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा, खडूपेक्षा शंभर पटींनी छान दिसतं. चपला काठावर काढा आणि खाचांवर पाय देऊ नका. मी दिला होता, तो बैल अजून आठवतो.

किती जुनी, हे विचाराल तर अभ्यासकांचंच एकमत नाही. कोणी वीस हजार वर्षं म्हणतो, कोणी त्याहून खूप अलीकडे आणतो. गावच्या लोकांना हा कातळ आधीपासून माहीत होता. त्यांनीच दाखवला, आणि 1993 मध्ये डॉ. प्रकाशचंद्र शिरोडकर यांनी त्याची नोंद जगापुढे आणली. ही कुशावती पुढे चांदरला जाते, म्हणजे भोज राजघराण्याच्या जुन्या राजधानीला, चंद्रपुराला, आणि जुवारी नदीला मिळते.

सकाळचं ऊन साडेआठच्या पुढे चढलं की कातळ पुन्हा कोरा होतो. मग रिवणची पांडवांची म्हणतात ती गुहा बघून परता, ती वाटेवरच आहे. वेळ उरला तर काजूर गावचा दुधाफातर, तोही चित्रं कोरलेला दगड. सत्तरी तालुक्यातलं म्हाऊस गाव मात्र वेगळ्या दिवशी ठेवा. तिथले बैल झर्मे नदीच्या पात्रातच कोरलेत, उन्हाळ्यात पाणी आटल्यावर जा.