डिफ उघडायच्या आधी: एलएसडी बिघडलाय की नुसता कुरकुरतोय?

डिफ म्हणजे डिफरेन्शियल, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी. एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारं डिफ. एलएसडी असलेली गाडी गॅरेजात येते ती बहुतेक वेळा आवाजाची तक्रार घेऊन. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून गुरगुर येते, गाडी अडखळत सरकते, आणि मालकाच्या डोळ्यांसमोर लाखाचं बिल नाचायला लागतं. अशा गाडीची मला फारशी चिंता वाटत नाही. प्लेटांचा एलएसडी कुरकुरतो, म्हणजे त्याच्या प्लेटा अजून एकमेकींना धरून आहेत. चिंता वाटते ती दुसऱ्या गाडीची, जिचा मालक खुशीत सांगतो, "मेस्त, पूर्वी थोडा आवाज यायचा, आता एकदम गुळगुळीत चालते." तिथे मी आधी जॅक काढतो.

माझा हात मुळात टिपरवर बसलेला. आमचं गॅरेज तिस्क-उसगावला, खाणपट्ट्याच्या तोंडावर. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, १६ मार्चपासून काम थांबलं, टिपर रांगेने उभे राहिले आणि आम्ही मोटारींकडे वळलो. टिपरचं डिफ सरळ असतं: चाक रुतलं की ड्रायव्हर बटण दाबून लॉक लावतो, निघालं की काढतो. एलएसडीत तो निर्णय डिफ स्वतःच घेतं, दिसत काही नाही. म्हणून त्याची परीक्षा क्रमाने घ्यावी लागते. क्रम चुकला की चांगलं डिफ उघडलं जातं.

पहिला प्रश्न, आत आहे काय? मालकाला विचारून उपयोग नाही, त्याला विकणाऱ्याने जे सांगितलं तेच तो सांगतो. हौजिंगवरची (डिफच्या बाहेरच्या कवचावरची) पट्टी, गाडीचा ऑप्शन कोड, मॅन्युअलमधलं तेल, यांवरून ठरवा. प्लेटांचा एलएसडी स्प्रिंगच्या दाबाने थोडा कायम पकडलेला असतो आणि इंजिनाचा जोर आला की उतरत्या खाचांमुळे आणखी घट्ट होतो. एकमार्गी असेल तर फक्त अॅक्सिलरेटर दाबताना, दुमार्गी असेल तर पाय सोडल्यावरही. हेलिकल, म्हणजे टॉर्सन किंवा क्वेफ जातीचा, सगळा गिअरांचा. त्यात प्लेटाच नाहीत. व्हिस्कसमध्ये सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्या. आणि नव्या गाड्यांत संगणकाने दाबला जाणारा क्लच असतो, जसा स्कोडाच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ मध्ये किंवा बीएमडब्ल्यू एम२ मध्ये. पाचवा प्रकार एलएसडी नव्हेच: साधं डिफ, आणि घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारा संगणक. फोक्सवॅगन त्याला एक्सडीएस म्हणते. कंपनीच्या पत्रकात हा 'इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल लॉक' म्हणून मिरवतो, आणि त्यात उघडून बघण्यासारखं काही नसतं. तिथे ब्रेक पॅड तपासा, कारण सगळं काम तेच करतात.

आता हाताची परीक्षा. सपाट जमीन, चालतं नसलेल्या, म्हणजे इंजिनाचा जोर न मिळणाऱ्या, एक्सलच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे, आणि चालत्या एक्सलची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर. नुसत्या जॅकवर नाही. हँडब्रेक सोडा. गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, म्हणजे क्राउन, डिफमधलं मोठं दातेरी चाक, धरून राहतो. इंजिन बंद, चावी खिशात. एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने मोकळं फिरलं, तर आतमध्ये साधं डिफ आहे, किंवा हेलिकल आहे, किंवा प्लेटा संपलेला एलएसडी. चाक हलतच नसेल किंवा दोन्ही हातांनी जोर लावल्यावर घसटत फिरत असेल, तर प्लेटा जिवंत आहेत. व्हिस्कस ओळखायला सोपा: हळू फिरवलं तर फिरतो, झटका द्यायला गेलं तर हात अडतो, शिऱ्यात उलथनं फिरवल्यासारखं.

हेलिकलच्या बाबतीत ही परीक्षा काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवा. चाक हवेत असताना तो साध्या डिफसारखाच वागतो आणि ते त्याच्या स्वभावात आहे. तो गुणाकार करतो: प्रमाण अडीच असेल आणि घसरतं चाक १०० न्यूटन-मीटर जोर पेलत असेल, तर दुसऱ्याला २५० मिळतात. हवेतलं चाक शून्य पेलतं. शून्याला अडीचने गुणून काय येणार? म्हणून हेलिकलची गाडी खड्ड्यात एक चाक अधांतरी ठेवून अडकली, तर डिफला शिव्या देऊ नका. डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून अॅक्सिलरेटर द्या, फिरत्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि दुसरं चाक ओढायला लागतं. संगणकी क्लचही हाताने कळत नाही, गाडी बंद असली की तो सुटलेला असतो. तिथे स्कॅनर लावून क्लचचे बिघाड-कोड वाचा, आणि त्याचं वेगळं तेल वेळेवर बदललं होतं का ते विचारा.

प्लेटवाल्याचं खरं माप टॉर्क रेंचवर, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यावर, मिळतं. आता चालतं एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गाडी न्यूट्रलमध्ये, ठोकळे पक्के. आधी बघा की ब्रेक घासत नाही, नाहीतर तुम्ही ब्रेकच मोजत बसाल. उचललेल्या चाकाच्या मध्याला अॅडॅप्टर लावून रेंचने फिरवा. चाक सुटायला किती जोर लागला आणि फिरत राहायला किती, दोन्ही आकडे लिहून ठेवा. तुलना तुमच्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी करायची, शेजाऱ्याच्या गाडीशी नाही. उदाहरण म्हणून, फोर्डच्या ८.८ इंची ट्रॅक्शन-लॉकला किमान २७ न्यूटन-मीटर मागतात. शर्यतीसाठी बसवलेल्या डिफला याच्या कितीतरी पट लागू शकतात. आकड्याइतकीच चालही बघा. जोर एकसारखा लागला तर प्लेटा झिजल्या असल्या तरी सरळ आहेत. एका फेरीत कुठे घट्ट, कुठे सैल, असं असेल तर प्लेटा तापून वाकल्या आहेत.

एक गोष्ट ठासून सांगतो. एलएसडीच्या गाडीचं एक चाक जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका, चाक बॅलन्स करायलासुद्धा नाही. साध्या डिफमध्ये हवेतलं चाक फिरत राहतं; इथे जमिनीवरचं चाक ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. आमच्या पोरांना गॅरेजात पाऊल टाकल्यावर पानं धरायच्या आधी हे शिकवलं जातं.

रस्त्यावर काढण्यापूर्वी टायर मोजा. चालत्या एक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. फीत लावून घेर मोजा, हवेचा दाब सारखा करा. एक टायर नवा आणि एक गुळगुळीत असेल, तर सरळ रस्त्यावरसुद्धा डिफला सतत वळण घेतल्यासारखं वाटतं, प्लेटा घासत राहतात, तेल शिजतं आणि जोर दिला की गाडी एका बाजूला ओढते. डिफ बिघडल्याच्या नावाने आलेल्या कितीतरी गाड्या नुसत्या टायरांच्या जोडीने बऱ्या होतात. लहान स्पेअर चाकही चालत्या एक्सलवर लावू नका. पंक्चर तिथलंच असेल तर दुसऱ्या एक्सलवरचं चाक तिकडे फिरवा आणि स्पेअर त्याच्या जागी लावा.

मग मोकळ्या आवारात इंग्रजी आठाचा आकडा. पहिला गिअर, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला, स्टिअरिंग शेवटपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे. गाडी थंड असताना एकदा, आणि पंधरा-वीस मिनिटं चालवून डिफ गरम झाल्यावर पुन्हा. गुरगुर आणि धक्के आले तर प्लेटा धर-सोड करतायत. याचं कारण बहुतेकदा तेल असतं: कुणीतरी जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं पाहून साधं गिअर ऑइल ओतलंय आणि एलएसडीचं अॅडिटिव्ह, म्हणजे प्लेटांची धर-सोड थांबवणारं मिश्रण, टाकलंच नाही. तेल काढा, मॅन्युअलमधल्या दर्जाचं भरा, अॅडिटिव्ह लागत असेल तर थोडंथोडं घाला आणि प्रत्येक वेळी पुन्हा आठ काढा, म्हणजे तेल प्लेटांच्या मध्ये जातं. सगळी बाटली एकदम उपडी करू नका. जास्त झालं तर आवाज जातो खरा, पण पकडही जाते. 'गुळगुळीत चालते'वाल्या गाड्यांतल्या काही अशाच बनतात. हेलिकलला हे अॅडिटिव्ह लागतच नाही.

पुढची परीक्षा पकडीची. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी संगणकी यंत्रणा, पूर्ण बंद करा. काही गाड्यांत बटण दाबल्यावरही ब्रेकवाला संगणक जागाच राहतो, तेव्हा निकाल वाचताना ते ध्यानात असू द्या. आपल्याकडे जागेची वाण नाही: एका बाजूला डांबर आणि दुसऱ्या बाजूला तांबडी खडी असलेलं आवार कुठेही मिळतं, फक्त ते खासगी असावं आणि मालकाला विचारलेलं असावं. चोर्ला किंवा अनमोडचा घाट ही तपासायची जागा नव्हे. डावी चाकं खडीवर, उजवी डांबरावर, पहिल्या गिअरात हळूहळू जोर वाढवा. नुसतंच डावं चाक खडी उडवत राहिलं तर एलएसडी झोपलाय. दोन्ही चाकं ओढू लागली आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी किंचित डावीकडे झुकली, तर तो काम करतोय. उजव्या चाकाला जास्त जोर मिळतो म्हणून गाडी खडीकडे वळते. तेव्हा डाव्या बाजूला गटार किंवा चिऱ्याचा कुंपणगडगा नसावा.

वळणातलं वागणं अनुभवी चालकालाच सांगता येतं, पण काय बघायचं ते सांगतो. वळणातून बाहेर पडताना इंजिनाचे फेरे वाढले, आतलं चाक फिरलं आणि गाडी पुढे सरकली नाही, म्हणजे पकड कमी. उलट, वळणात शिरताना पाय सोडल्यावर नाक बाहेर ढकललं जातंय, स्टिअरिंग दिलं तरी गाडी सरळच जाऊ पाहतेय, हा दुमार्गी प्लेटांचा स्वभाव आहे. एकमार्गी डिफ तिथे सुटलेलं असायला हवं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत घट्ट एलएसडी जोर देताना स्टिअरिंग हातातून ओढतो. तेही बिघाडात धरू नका, जोपर्यंत ते अचानक बदललेलं नाही.

आवाजांमध्ये डिफच्या नावावर दुसऱ्यांची पापं खपतात. पूर्ण वळणावर पुढून एकसारखी टकटक आली तर सीव्ही जॉइंट, चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा. पाय दाबता-सोडताना एकच ठोका आला तर प्रोपेलरचा (डिफपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, डिफचे बुश किंवा दातांमधली मोकळीक. वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी एका बाजूच्या वळणात कमी होते, ती चाकाची बेअरिंग. जोर दिला की एक सूर आणि सोडला की दुसरा, असं गाणं म्हणजे क्राउन-टेलपिनियन, डिफमधली मुख्य गिअरजोडी. आणि काळ्या पाटीच्या भाड्याच्या थार! पर्यटक डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन, फिरवतात, वळताना सगळी गाडी कण्हते, आणि मग 'डिफ गेलं' म्हणून फोन येतो. पात्रांव, ती टू-व्हीलमध्ये घाला, आवाज जाईल.

तेल काढलंत की ते वाया घालवू नका, वाचा. चुंबकी बुचावर राखाडी मलम असेल तर ठीक. सुईसारखे तुकडे किंवा दाताची कपची असेल तर डिफ उघडायचंच. प्लेटवाल्यात तेल काळं येणं नेहमीचं, पण जळका वास नको. चहासारखं दुधाळ आलं तर पाणी शिरलंय, आणि गोव्याच्या पावसात हे मी दरवर्षी बघतो. गाडी तापलेली असते, सखल रस्त्यावर गुडघाभर पाण्यात शिरते, हौजिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवेच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. आधी तेल बदला, ब्रीदर साफ करा, थोडं चालवून पुन्हा तेल बदला, आणि मगच एलएसडीबद्दल मत बनवा. पाण्याच्या तेलावर केलेली कुठलीही परीक्षा खोटी.

व्हिस्कस मऊ पडला किंवा आवळून बसला तर त्याला दुरुस्ती नाही, अख्खा बदलायचा. प्लेटवाल्याचा निकाल सैल असा लागला, तर प्लेटांचा पूर्ण संच आणि स्प्रिंगा एकत्र मागवा. अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या असं करू नका. नव्या प्लेटा बसवण्याआधी डिफच्याच तेलात भिजवा, जाडी मायक्रोमीटरने मोजून शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) ठरवा. जोडून झालं की रेंच लावून सुटण्याचा जोर पुन्हा मोजा. पहिले काही शे किलोमीटर शांतपणे चालवून तेल बदला, मग आणखी एकदा मोजा, आणि तो आकडा तारखेसह हौजिंगवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवा.