पडलेलं शीड दोरीने ओढू नका, वाऱ्यालाच उचलू द्या

विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डावरून पाण्यावर सरकणं) शिकताना पडलेलं शीड दोरीने उचलून उचलून कंबर धरते. त्यापेक्षा वॉटरस्टार्ट शिका, म्हणजे पाण्यात राहूनच वाऱ्याच्या जोरावर शिडासकट बोर्डावर उभं राहणं, तेही छातीभर पाण्यात. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत पाळीपासून (बांधापासून) दूरच्या अंगाला असं पाणी मिळतं.

१. बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवा. डोलकाठी वाऱ्याच्या बाजूला, तुम्हीही तिकडेच, पाठीवर वारा.

२. शीड सरळ वर उचलू नका, त्यावरचं पाणी फार जड असतं. डोलकाठी वाऱ्याकडे ओढत जराशी वर करा. वारा खाली शिरला की शीड स्वतःच सुटतं.

३. मागचा पाय बोर्डावर, गुडघा दुमडलेला, हात सरळ वर. बूम (शीड धरायची आडवी दांडी) खाली ओढलात की वारा निसटतो. माझे कितीतरी दिवस इथंच गेले.

लाइफ जॅकेट हवंच. शिंगाड्याच्या वेलांत मात्र उतरू नका, पाय गुंततात.