एल्डन रिंग सुरू करताय? या चुका टाळा (आणि मार्गिटला जरा एकटं सोडा)

"मार्गिट मरतच नाहीये, काय करू?" हा प्रश्न मला अजूनही कुणी ना कुणी विचारतंच. मार्गिट म्हणजे एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधला सुरुवातीचा मोठा शत्रू, बॉस. गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, तेव्हा माझं जे उत्तर होतं तेच आजही आहे: तिथून निघा. हे ऐकलं की समोरचा हिरमुसतो. त्याला ट्रिक हवी असते.

चूक पहिली: सोनेरी किरण दिसला की त्याच्यामागे पळत सुटणं

साइट ऑफ ग्रेसमधून, म्हणजे गेममधल्या विश्रांतीच्या जागेतून, एक सोनेरी किरण निघतो. नवखा माणूस तो धरून थेट स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या तोंडाशी पोचतो आणि तिथे मार्गिट त्याला लोळवतो. किरण फक्त मुख्य कथा कुठे आहे ते सांगतो. आत्ताच जा, असं तो कुठेही म्हणत नाही. खरं तर गेमने हे पहिल्या पाच मिनिटांतच सांगून ठेवलंय: गुहेतून बाहेर पडलात की समोर सोन्याने मढलेला घोडेस्वार, ट्री सेंटिनेल, गस्त घालत असतो. तो तुम्ही त्याला मारावं म्हणून तिथे ठेवलेला नाही, वळसा घालून जायला शिकावं म्हणून ठेवलाय, असं माझं ठाम मत आहे.

हे शहाणपण मलाही आधीपासून नव्हतं. मार्गिटसमोर सदतिसाव्यांदा मेलो आणि मोजणं सोडलं. मग रुसून दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुलात गेलो. त्यात संयम वगैरे काही नव्हता, निव्वळ रुसवा होता. तिथे मोडक्या चर्चमध्ये सेक्रेड टिअर मिळाले, त्याने बाटलीतलं, जखमा भरून काढणारं औषध जास्त गुणकारी झालं. मॉर्नचा किल्ला सापडला. वाटेतल्या चमकणाऱ्या रोपट्यांपाशी गोल्डन सीड मिळाल्या, बाटल्या वाढल्या. दोन शनिवार-रविवार असे गेले. परत आलो तर दुसऱ्याच प्रयत्नात मार्गिट आडवा. माझे हात काही सुधारले नव्हते, फक्त तयारी झाली होती.

चूक दुसरी: फार्मिंगला संयम समजणं

फार्मिंग म्हणजे एकच सोपी गोष्ट पुन्हापुन्हा करून रून्स, म्हणजे लेव्हल वाढवायला लागणारं चलन, गोळा करणं. ही माझी सगळ्यात नावडती चूक. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, की मारिकाच्या थर्ड चर्चमागच्या पोर्टलमधून बीस्टियल सँक्टमला जायचं आणि घोड्यावरून दक्षिणेला लेन्स राइज गाठायचं. तिथे एक भलामोठा गोळा तुमच्या मागे गडगडत येतो आणि स्वतःच कड्यावरून पडतो. तुम्हाला जवळजवळ दोन हजार रून्स फुकट. ग्रेसवर बसा, उठा, पुन्हा तेच. रात्री नऊला बसलेला हा मुलगा दीड वाजता उठला. लेव्हल पन्नाशीपार.

"मामा, आता बघ," म्हणाला आणि मार्गिटसमोर गेला. तीन फटक्यांत खलास.

झालं असं, की सगळ्या लेव्हल त्याने स्ट्रेंग्थमध्ये ओतल्या होत्या. विगर, म्हणजे अंगात जीव किती ते ठरवणारा आकडा, तसाच, त्याने निवडलेल्या व्हॅगाबाँड या पात्राचा सुरुवातीचा १५. तलवार जशी मिळाली तशीच, कारण चार तासांत स्मिदिंग स्टोन, म्हणजे हत्यार सुधारायचे दगड, गोळा करायला तो कुठे फिरलाच नव्हता. हत्यार अपग्रेड केल्याशिवाय स्ट्रेंग्थचा फायदा त्यात नीट उतरत नाही, त्यामुळे एवढ्या रून्सचं नुसतं पाणी झालं. बाटल्याही सुरुवातीच्या चारच. "हा गेमच बोगस आहे," असं जाहीर करून साहेब झोपले.

दुसऱ्या दिवशी त्याला लिमग्रेव्हच्या, म्हणजे सुरुवातीच्या प्रदेशातल्या, खाणीत नेलं. भिंतीतले चमकणारे दगड उचलून चर्च ऑफ एलेच्या टेबलावर तलवार +३ केली. त्याला बारा दगड लागतात, बस. पण विगरचं काय? पन्नाशीनंतर एकेका लेव्हलला इतके रून्स लागतात, की लिमग्रेव्हचे शिपाई मारून ते कधी जमायचे! शेवटी मान खाली घालून पुन्हा त्याच गोळ्याकडे जावं लागलं. मी शेजारी बसून चिवडा खाल्ला आणि काहीही बोललो नाही. (एकदाच बोललो.)

एकच गोष्ट चार तास करत राहणं हा उतावळेपणाच, फक्त बसून केलेला.

चूक तिसरी: विगर न वाढवणं

वरची गोष्ट वाचलीत ना? विगर ४० ला साधारण १४५० एचपी (जीवाचे पॉइंट) मिळतात, ६० ला १९००. साठनंतर ९९ पर्यंत नेलात तरी जेमतेम २०० वाढतात. मी आधी ४० करतो, बाकीचं मग.

चूक चौथी: घाबरून डॉज मारणं

मार्गिट काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. तुम्ही घाबरून आधीच लोळता, उठता, आणि मग ती काठी डोक्यात बसते. त्यात एक बारीक गोम आहे: डॉज बटण दाबल्यावर लागत नाही, सोडल्यावर लागतो, कारण तेच बटण दाबून धरलं की धावणं होतं. घाबरलेला माणूस बटण आवळून धरतो आणि मग म्हणतो, कंट्रोलर खराब आहे. टिचकी मारल्यासारखं दाबा. माझी सवय अशी, की नव्या बॉससमोर पहिल्या चार-पाच वेळा एकही वार करायचा नाही, फक्त चुकवायचं. आणि त्याच्या डोळ्यांसमोर बाटली तोंडाला लावू नका, तो लगेच सुरा फेकतो.

आणखी काही, पटापट

वजन ७० टक्क्यांच्या वर गेलं की रोल म्हशीसारखा होतो. एखादं चिलखत काढा, लाज वाटून घेऊ नका.

ड्रॅगन-बर्न्ट रुइन्समधली पेटी उघडलीत तर थेट केलिड या कितीतरी अवघड प्रदेशातल्या खाणीत जाऊन पडाल. सगळे उघडतात. मीही उघडली.

खिशात पुढच्या लेव्हलपुरते रून्स असतील तर आधी ते खर्च करा. एकदा मेलात तर ते जागेवर पडून राहतात, तिथे पोचण्याआधी पुन्हा मेलात तर गेले.

स्पिरिट अ‍ॅश, म्हणजे लढाईत मदतीला बोलवायचे आत्मे, वापरणं म्हणजे चीटिंग, असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. लांडगे बोलवा.

या गेमला पॉज नाही, अशी सगळ्यांची तक्रार असते. एकटे खेळत असाल तर इन्व्हेंटरी उघडा, हेल्प दाबा आणि मेन्यू एक्स्प्लनेशन निवडा, गेम थांबतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतील तेव्हा मी हेच करतो.