२३ उद्दिष्टांवरून ३ वर येताना

पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून, नव्यानं लागलेले शिक्षक भेटले की हमखास विचारतात, "मॅडम, शाळा विकास आराखड्याचा नमुना आहे का तुमच्याकडं?" शाळेत काय सुधारायचं ते लिहून ठेवण्याचा हा कागद. नमुना आहे, पण मी तो देत नाही. माझा पहिला आराखडा असाच कुणाच्या तरी नमुन्यावरून उतरवलेला होता आणि त्याचं काय झालं ते मी विसरलेले नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक दोन, पट ४१. प्रभारी मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडं आला तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि डेडस्टॉक रजिस्टर (शाळेच्या सामानाची नोंदवही) यांच्या सोबत आराखड्याचं कामही आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणं हा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीनं करायचा असतो. समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. प्रत्यक्षात मी तो एका रविवारी घरी बसून लिहिला आणि सोमवारी सह्या घेत फिरले. त्यात २३ उद्दिष्टं होती. 'वाचन विकास १००%', 'गणितीय क्रियांत प्रभुत्व', 'आनंददायी वातावरण निर्मिती', 'मूल्यसंस्कार रुजवणे'. शाळासिद्धी या शाळेनं स्वतःचं मूल्यमापन करायच्या पद्धतीच्या सात क्षेत्रांतली ४६ मानकंही भरली. बहुतेक ठिकाणी पातळी ३, म्हणजे सगळ्यात वरची. आता सुधारायला काही शिल्लकच नाही असं आम्ही स्वतःच लिहून दिलं होतं, आणि तरी खाली २३ सुधारणा मांडल्या होत्या!

आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले, पानं उलटली आणि सहज विचारलं, "वाचन विकास शंभर टक्के म्हणजे नेमकं कोणाचं, मॅडम?" मला एकही नाव सांगता आलं नाही.

तो प्रश्न डोक्यात राहिला. पुढच्या जूनमध्ये मी आधी मुलं तपासली, आराखडा नंतर. चाचणी अगदी साधी. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा चार पातळ्या, 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीमुळं शिक्षकांना ठाऊक असलेल्या. दुसरी ते चौथीची ३१ मुलं एकेक करून लिंबाखाली बोलावली. एकाला पाच-सहा मिनिटं लागतात, तीन दिवस गेले. वर्गात बसवून एकदम घेऊ नका. शेजारच्याचं ऐकून मूल गोड आवाजात म्हणत जातं आणि आपल्याला वाटतं वाचतंय. चौथीतला एक मुलगा पुस्तकातला धडा घडाघडा वाचायचा. त्याच धड्यातले शब्द उलटसुलट क्रमानं फळ्यावर लिहिले तर एकही येईना. पाठ होतं सगळं. तीन वर्षं हा मुलगा आमच्या निकालपत्रकात वाचणारा म्हणून होता.

तक्ता तयार झाला. अक्षर पातळीवर किंवा त्याच्याही खाली ७, शब्दावर ११, परिच्छेदावर ८, गोष्टीवर ५. नावं लिहून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवला. बाहेर लावू नका, मुलं लगेच एकमेकांना चिडवतात.

शब्दावरची ती ११ मुलं कुठं अडकतात ते पाहिलं तर बहुतेकांची गाडी जोडाक्षरांपाशी थांबत होती. 'घर', 'पाणी' ठीक. 'पुस्तक', 'रस्ता', 'डॉक्टर' आलं की थबकायची. आणि परिच्छेदात दर ओळीला एक तरी जोडाक्षर असतंच. म्हणून पहिलं उद्दिष्ट असं लिहिलं: 'ही ११ मुलं दिवाळीच्या सुट्टीआधी न अडखळता परिच्छेद वाचतील.' उपाय म्हणून रोज परिपाठानंतर २५ मिनिटं, पातळीप्रमाणं गट, वर्ग कोणताही असो. तिसरीचा मुलगा दुसरीतल्यांबरोबर बसणार म्हटल्यावर माझे सहकारी सर थोडे नाराज झाले, पण आठवड्यात त्यांनाच गट हाताळणं सोपं वाटू लागलं. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. त्यातलं 'समजून' गळून पडतं आणि घड्याळ राहतं, म्हणून 'समजून' जपा. आमच्याकडं एक मुलगी साठाच्या पुढं गेली आणि गोष्टीत कोण हरवलं होतं ते तिला सांगता येईना.

दिवाळीआधीच का? हे नवीन माणसाला उमगायला एक वर्ष जातं, मलाही गेलं. पहिल्या आराखड्यात सगळ्या तारखा 'मार्चअखेर' होत्या. आमच्या गावातली निम्मी घरं उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टर लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाव अर्धं रिकामं. काही मुलं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहाची सोय होते, पण काही आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातातच. त्या ११ मधली ४ अशी होती. मार्चची तारीख त्यांच्यासाठी कागदावरचीच. तुमच्या गावी ऊस नसेल, तर भातलावणी असेल, वीटभट्टी असेल, मासेमारी असेल. तारीख टाकण्याआधी गावाचं वर्ष माहीत करून घ्या.

गणिताचं उद्दिष्ट हातच्याच्या वजाबाकीचं. ५२ वजा ३८ चं उत्तर २६ लिहिणारी चौदा मुलं निघाली. आठातून दोन, पाचातून तीन, मोठ्यातून लहान. चूक सगळ्यांची एकच, म्हणजे ती आम्हीच शिकवलेली. थोडं खोदल्यावर कळलं, की संख्याच नीट ठरत नव्हती. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतं, मग मूल ५२ लिहितं. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर टिंगल झाली, मीही हसले होते. आता त्या चौदा मुलांना 'पन्नास दोन' म्हणायला लावते आणि मग 'बावन्न'. सोबत तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे. गठ्ठा सोडल्याशिवाय आठ काड्या देता येत नाहीत, हे हाताला कळलं की हातचा समजावून सांगावा लागत नाही.

तिसरं उद्दिष्ट शाळेच्या वातावरणाचं, आणि सगळ्यात जास्त घाम त्यानंच काढला. 'आनंददायी वातावरण' कसं मोजणार? मी एक आठवडा फक्त वहीत खुणा केल्या: प्रश्न कोणाला विचारते, झाडू कोणाच्या हातात, घंटा कोण देतं, खिचडीच्या रांगेत पुढं कोण. आठवड्यानं वही पाहून ओशाळले. माझे बहुतेक प्रश्न त्याच पाच मुलांना. झाडू कायम मुलींच्या हातात, घंटा कायम मुलांच्या. आणि हे सगळं मुलांनी ठरवलेलं नव्हतं. "ए, वर्ग झाडून घ्या गं," असं मीच म्हणत होते.

तेव्हा उद्दिष्ट लिहिलं ते मुलांसाठी नव्हे, आम्हा दोघांसाठी. कामांच्या चिठ्ठ्या दर सोमवारी परिपाठात काढायच्या. झाडणं, घंटा, पाणी, फळा, वाढप, सगळं चिठ्ठीवर. प्रश्न विचारतानाही नावाच्या चिठ्ठ्या. दुसऱ्याच आठवड्यात एक पालक आले. "मॅडम, पोरगं शिकायला घातलंय, झाडायला न्हाई." मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात समितीतल्या एक आजी म्हणाल्या, "तुझी पोरगी चार वर्सं झाडत होती, तव्हा न्हाई आलास इचारायला." पुढं कुणी आलं नाही.

त्यात एक पोटउद्दिष्ट होतं, चुकलेल्या उत्तराला कुणी हसायचं नाही. सूचना देऊन काही झालं नाही. मग फळ्यावर मी स्वतःच्या चुका सांगायला लागले, 'काल मी हजेरीची बेरीज चुकवली, अशी चुकवली.' महिन्याभरात मुलं आपली चूक सांगायला पुढं येऊ लागली. सरांनी मात्र हे शेवटपर्यंत केलं नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत एकानं केलं नाही तर निम्मी शाळा तशीच राहते.

समितीची बैठक घेताना एक पथ्य पाळा. नुसतं "शाळेत काय हवं?" असं विचारलं की कंपाउंड भिंत आणि रंगरंगोटी येते. आमच्या पटाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजारांच्या हिशेबातलं, त्यात भिंत होत नाही. मी तक्ता पुढं ठेवून, नावं झाकून, "यातली ११ मुलं इथं अडकलीत, घरी काय करता येईल?" असं विचारलं. मागं बसलेल्या आया तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

फसलेलंही सांगते. 'प्रत्येक मूल आठवड्याला एक पुस्तक घरी नेईल' हे चौथं उद्दिष्ट मी मध्येच घुसडलं होतं. पुस्तकं कपाटातच राहिली, कारण पुस्तक हरवलं तर चार्जमध्ये माझ्या नावावर. समितीनं 'फाटलेली, हरवलेली पुस्तकं वापरातील झीज समजावी' असा ठराव केला तेव्हा कुठं कपाट उघडलं, आणि तोवर फेब्रुवारी आला होता.

दिवाळीआधी ११ पैकी ८ मुलं परिच्छेद वाचत होती. वजाबाकीत चौदातली दहा सावरली. अक्षरावरच्या सातांपैकी पाच शब्दावर आली, दोन तिथंच राहिली. यंदाच्या तक्त्यावर त्या दोघांची नावं सगळ्यात वर आहेत. एकाच्या आईबापानं मुकादमाकडून (मजुरांच्या टोळीच्या ठेकेदाराकडून) उचल घेतली आहे, दसरा झाला की कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, निघेल. आजीजवळ ठेवायचं म्हणून मी परवा त्यांच्या घरी जाऊन आले, अजून 'बघू' म्हणतात.